पांढरा दोरा

"आज लोक हसले म्हणून पुढच्या वेळी हात आखडू नकोस हं, पोरी," पेटीताई उंबरठ्याशी वाकून चपलेचा पट्टा लावता लावता म्हणाल्या होत्या.

थोरलीनं "हो हो, नाही आखडणार" म्हटलं आणि चहाचा कप विसळायला घेतला. बोलणं कानांवर पडलं, आत काही उतरलं नाही. त्या दुपारी तिला एवढंच हवं होतं, की पेटीताईंनी लवकर निघावं, अंगणात जमलेल्या बायांनी आपापल्या घरी जावं आणि आपल्याला दार लावून तोंड लपवता यावं.

झालं होतं असं. थोरलीचं बाळ दहा महिन्यांचं. सकाळी तिनं त्याला पाळण्यातून उचललं तर ओठ निळे. निळे ओठ म्हणजे काय, हे तिला पाठ होतं. बाळाला श्वास पुरत नाही, एक क्षणही घालवायचा नाही. तिनं कार्डाला लाल दोरा, म्हणजे 'लगेच या' अशी खूण, बांधून निरोप पाठवला, आणि पेटीताई दुखऱ्या गुडघ्यानं चढ चढून, भर उन्हात तासभर चालत आल्या. आल्या आल्या त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, ओठांवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून बघितलं. मग पेटीतून कापूस काढला, ओला केला आणि ओठ पुसले. ओठ गुलाबी. कापूस निळा.

"पेन कुठाय तुझं?" त्यांनी विचारलं.

पेन पाळण्यातच सापडलं. फुटलेलं, चावून चपटं झालेलं.

मग काय विचारता! सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "एवढ्यात लिहायला लागलं गं हे! आईच्या वरचढ निघणार!" शेजारणींनी बाळाचं नाव तिथल्या तिथे 'शाईवाला' ठेवून टाकलं. पेटीताईही हसल्या, चहा प्यायल्या, गुडघा चोळला आणि जाता जाता ते वाक्य बोलून गेल्या.

काळजी करण्यावरून लोकांनी थोरलीला हसणं काही नवं नव्हतं. घरात ती एकटी कॉलेजात गेलेली, आणि शिकलेल्या माणसाला घाबरायला जास्त गोष्टी ठाऊक असतात, तसं तिचं झालं होतं. बाळ रडलं की का रडतंय, म्हणून जीव वरखाली. गप्प बसलं की का गप्प आहे, म्हणून. नवरा दूरच्या शहरात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. तो सगळ्यांना सांगत सुटे, "आमच्याकडे झोपलेल्या बाळाला उठवून विचारतात, झोपलास का रे?" पण तिच्या याच स्वभावामुळे पेटीताईंनी तिला आपल्या मदतीला निवडलं होतं. "बारीक नजर आहे तुझी," त्या म्हणाल्या होत्या, "आणि अक्षर वाचता येतं."

पेटीताई म्हणजे सरकारी नर्स. पत्र्याची निळी पेटी खांद्याला लावून फिरायच्या म्हणून पेटीताई. चार वस्त्या आणि त्या एकट्या. आरोग्यकेंद्रात नर्सच्या खुर्च्या दोन होत्या; दुसरीवर तीन वर्षं कागदांचे गठ्ठे बसले होते, कारण माणूस काही येत नव्हतं. रक्तदाब मोजायचं यंत्र एक, तेही पेटीत. ताई जिथे, यंत्र तिथे. फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीच्या टेकाडावरून, तोही वाऱ्याची मर्जी असली तर.

म्हणून ताईंनी स्वतःच्या डोक्यातून ही दोऱ्यांची पद्धत काढली होती. प्रत्येक वस्तीत एक दोरेवाली. वस्तीत कोणी बाळंत झालं की ठरलेल्या दिवशी दोरेवालीनं जाऊन तिला आणि बाळाला बघायचं, कार्डावरचे रकाने भरायचे. चेहरा, पाय, डोकं, ताप, अंगावरून जाणं, दूध, आणि यंत्र असलं तर रक्तदाब. सगळं ठीक असलं तर कार्डाच्या भोकात पांढरा दोरा. काही खटकलं तर लाल. सकाळी दुधाची गाडी चारी वस्त्यांतून कॅन गोळा करत केंद्रावरून जायची. कार्डं तिच्या आरशाला लटकून जायची. लाल दोरा दिसला की ताई सगळं सोडून त्या वस्तीकडे निघायच्या. पांढरा असला की दुसरीकडे जायला मोकळ्या. तापलेल्या वाळूत चार दिशांना एकच माणूस पळवायचं, तर कुठली दिशा आधी, एवढंच त्या दोऱ्यानं ठरायचं.

शाईच्या प्रकाराला महिना झाला आणि थोरलीची जाऊ, धाकटी, केंद्रावर बाळंत झाली. मुलगा. पहिलंच बाळंतपण, चोवीस तास लागले. निघताना पेटीताईंनी कार्ड थोरलीच्या हातात दिलं. त्यावर त्यांनी स्वतः लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या: 'सातवा दिवस – नीट बघणे.'

"रक्तदाब जरासा वर होता," त्या म्हणाल्या. "आता उतरलाय. पण बाळंतपण झालं म्हणजे सुटलो, असं नसतं. चेहरा बघ, पाय बघ, डोकं दुखतंय का बघ."

सातवा दिवस उजाडला. अंगणाच्या एका बाजूला थोरलीची खोली, दुसऱ्या बाजूला धाकटीची. धाकटीच्या दाराला जाड पडदा, माश्या आणि उजेड आत जाऊ नये म्हणून. थोरलीच्या शाईवाल्याला दोन दिवस सर्दी. नाक वाहतंय, अंग किंचित गरम, आणि आई त्यापायी अर्धी झालेली. हातात कार्ड, कडेवर बाळ, अशी ती पडद्यापाशी उभी राहिली.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे, वहिनी," आतून आवाज आला.

"डोकं वगैरे?"

"डोकं काय, हा सारखा रडतोय. दुखणारच की."

"येऊ का आत?"

"नको, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. आणि तुमच्या शाईवाल्याचं नाक वाहतंय ना?"

खरं होतं. सात दिवसांच्या बाळाजवळ सर्दी घेऊन जायची नाही, हे थोरलीनंच घरात सगळ्यांना दहादा बजावलं होतं. बाळ सासूबाईंकडे देऊन, हात धुऊन जाता आलं असतं. तेवढ्यात ओसरीवर धान्य निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, झोपू दे तिला. तू आत गेलीस की अर्धा तास तपासणार, मग तिलाच वाटायला लागायचं की आपल्याला काहीतरी झालंय. आणि त्या पेटीवालीला पुन्हा उन्हातून आणू नको बाई. मागच्या वेळी तिचा गुडघा बघवत नव्हता."

रस्त्यावर दुधाच्या गाडीचा भोंगा वाजला.

थोरलीनं भिंतीला कार्ड टेकवून रकाने भरले. चेहरा, ठीक. पाय, ठीक. डोक्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग तिनं लिहिलं, 'जागरण'. दोऱ्याची रिळं खिडकीत होती, लाल आणि पांढरं शेजारी शेजारी. हात आधी लालकडे गेला. हे तिला नंतर फार दिवस आठवत राहिलं, की हात गेला होता.

"काय वहिनी!" दूधवाले काका गाडीतूनच ओरडले. "आज काय? लाल, पांढरा, का निळा?"

गाडीत मागे बसलेली दोन माणसं खो खो हसली. काकांचा स्वभाव वाईट नव्हता. ते वस्तीतल्या सगळ्यांची चेष्टा करायचे आणि सगळ्यांची कामं करायचे.

"पांढराच," थोरली म्हणाली, आणि गाठ मारली.

"मग चहा पिऊन निघतो सावकाश," काका म्हणाले.

दहा-साडेदहाला बाळ झोपलं. थोरलीनं धुतलेले लंगोट अंगणातल्या दोरीवर टाकायला घेतले. एक लंगोट हातातून सुटून न्हाणीच्या कोपऱ्यात पडला, तो उचलायला ती वाकली, आणि तिथे धाकटीच्या चपला पडलेल्या दिसल्या. लाल, रबरी, लग्नानंतर घेतलेल्या. एकीचा पट्टा भोकातून उपटून आला होता. जोर लावून पाय आत कोंबला की उपटतो तसा.

थोरलीनं ती चप्पल उचलली. मग तिला काल बघितलेलं आठवलं. धाकटी नवऱ्याच्या मोठ्या चपला घालून, पाय ओढत न्हाणीकडे जात होती, आणि ही खिडकीतून हसून म्हणाली होती, "आता नवऱ्याच्या चपलाही ताब्यात घेतल्यास वाटतं!" धाकटीही हसली होती. पाय बघितले नव्हते. चपला बघितल्या होत्या.

लंगोटांची बादली तिथेच राहिली. थोरली अंगण ओलांडून गेली आणि तिनं पडदा ओढून काढला, काढलाच, खिळ्यासकट.

उजेड धाकटीच्या तोंडावर पडला. ते तोंड तिचं नव्हतं. पापण्या फुगलेल्या, गाल ताणलेले, बोटातली अंगठी मांसात रुतलेली. पाय खाटेबाहेर आलेले. थोरलीनं घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला, आणि तसाच राहिला.

"वहिनी," धाकटी डोळे किलकिले करून म्हणाली, "तुमच्या मागे कोण उभंय?"

मागे कोणी नव्हतं.

"डोळ्यांपुढे काही चमकतंय का गं?"

"सकाळपासून. काजव्यांसारखं. ... दोन दिसताय तुम्ही."

"सांगितलं का नाहीस?"

धाकटीनं डोकं दोन्ही हातांत धरलं.

थोरली टाकीच्या टेकाडावर कशी पोचली ते तिला सांगता येणार नाही. फोन लावला. ताईंचा फोन बंद नव्हता, आवाक्याबाहेर होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. टेकाडावरून खाली वीटभट्टी दिसत होती. दीर, धाकटीचा नवरा, तिथेच कामाला. थोरली वरूनच ओरडत उतरली. भट्टीचा ट्रक अर्धा भरला होता. दिरानं तिचा चेहरा बघितला आणि एकही प्रश्न न विचारता विटा खाली फेकायला सुरुवात केली. बाकीच्यांनी हात लावला. वीस मिनिटांत ट्रक अंगणापुढे उभा. विटांच्या भुकटीवर गादी टाकली, धाकटीला झोपवलं. दोन्ही बाळं सासूबाईंपाशी ठेवली. सासूबाई नुसत्या धाकटीच्या पायांवरून हात फिरवत होत्या, जणू सूज हातानं उतरवता येईल.

केंद्र ट्रकनं फार लांब नाही. पण दाराला कुलूप होतं. बाहेरच्या पाटीवर खडूनं लिहिलं होतं: 'पलीकडच्या वस्तीवर. दोनपर्यंत परत.' आणि पाटीखालच्या खिळ्यांवर त्या दिवशीची कार्डं ओळीनं टांगली होती. तिसऱ्या खिळ्यावर थोरलीचं अक्षर. पांढरा दोरा वाऱ्यानं हलत होता.

ताई तो दोरा बघूनच दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या. नुसत्या आल्या नव्हत्या असं नाही. उलट दिशेला गेल्या होत्या.

"दवाखान्यात नेऊ सरळ," दीर म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात."

मोठा दवाखाना तिथून दीड तास. रक्तदाब असा चढला की झटके येतात; ते यायच्या आधी द्यायचं इंजेक्शन ताईंच्या पेटीत. पेटी दवाखान्याच्या उलट दिशेला, पंधरा-वीस मिनिटांवर.

"आधी ताईंकडे," थोरली म्हणाली.

"वहिनी, उलटं जायचं?"

"उलटं जायचं. चल!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला विचारून खात्री करून घेतली नाही. ट्रक वळला. भोंगा सारखा दाबून धरलेला. अर्ध्या वाटेत धाकटीचं शरीर ताठ झालं. डोळे वर गेले, जबडा मिटला आणि हातपाय आपटायला लागले. थोरलीनं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली मांडी दिली, तोंडात काही घातलं नाही, कारण घालायचं नसतं हे ताईंनी शिकवलं होतं. लाल भुकटी उडून दोघींच्या केसांत बसली. दीर पुढून ओरडत होता, "काय झालं? काय झालं?" आणि तिला उत्तर देता येत नव्हतं.

भोंगा ऐकून पेटीताई वस्तीच्या तोंडाशीच आल्या होत्या. गुडघा विसरून त्या ट्रकवर चढल्या. बघितलं आणि कुणाशी बोलल्या नाहीत. पेटी उघडली, औषध भरलं, दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शन दिलं, मग यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळला. आकडा बघून त्यांचे ओठ घट्ट झाले.

"चला. दवाखाना. मी येते."

झटके थांबले तेव्हा ट्रक मोठ्या रस्त्याला लागला होता. ताईंनी धाकटीची नाडी धरलेली, डोळे घड्याळावर. तशाच बसून त्यांनी विचारलं, "सकाळी बघितलं होतंस?"

थोरलीनं धाकटीच्या केसांतली भुकटी झटकली.

"नाही," ती म्हणाली. "विचारलं होतं."

ताईंनी क्षणभर डोळे मिटले. मग पुन्हा घड्याळाकडे बघायला लागल्या.

धाकटी जगली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण थोरलीला ते कळायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. डोक्यात बारीक रक्तस्राव झाला होता. डॉक्टर तरुण होते, डोळे जागरणानं लाल. ते म्हणाले, "इंजेक्शन वाटेत मिळालं म्हणून वाचली." मग कागदाकडे बघत म्हणाले, "सकाळीच मिळालं असतं तर हात वाचला असता."

डावा हात. खांद्यापासून खाली लोंबणारा, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.

दवाखान्याच्या कागदावर एक रकाना होता: 'उशीर कोणाकडून?' त्याखाली छापलेलं होतं, 'घरचे'. तिथे कुणीतरी खूण केली होती. दुसरा पर्याय छापलेलाच नव्हता. पेटीताईंनी तो कागद बराच वेळ वाचला. "तीन वर्षं रिकामी खुर्ची आहे ती कुठल्या रकान्यात घालायची?" त्यांनी कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, "बाई, मी फक्त भरतो."

पहिल्याच संध्याकाळी ट्रक परतला तेव्हा थोरली परतली, कारण घरी दोन बाळं भुकेली होती. त्यानंतर तीन आठवडे तिनं दोघांना पाजलं, एक उजवीकडे, एक डावीकडे. सासूबाई आणि दीर दवाखान्यात आळीपाळीनं राहायचे. आणि सासूबाई जी भेटेल तिला सांगत सुटल्या, "आमच्या थोरलीनं जीव वाचवला हो. पडदा फाडून आत गेली! आम्ही हसायचो तिला. पुन्हा नाही हसणार."

थोरली हे ऐकायची आणि लंगोटांच्या घड्या घालत राहायची. आपल्याला कोणी 'घाबरट' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. दूधवाल्या काकांना त्या दिवशीच्या दोऱ्याचा रंग ठाऊक होता. ते आता तिच्या दारापुढे भोंगा वाजवायचे नाहीत. गाडी थांबवून, उतरून, मान खाली घालून कॅन उचलायचे. पेटीताईंनाही ठाऊक होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "रक्तदाबाचा रकाना कोराच असतो, कारण तुझ्याकडे यंत्र नाही. सातव्या दिवशी मी स्वतः यायला हवं होतं. दोन रेघा मी मारल्या होत्या, तू नाही." यानं थोरलीचं ओझं हलकं झालं नाही. फक्त ते दोघींनी धरलंय, हे कळलं.

धाकटी घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशीची दुपार. आता तिच्या दाराला पडदा नव्हता. ती भिंतीला टेकून बसली होती, बाळ रडत होतं, आणि एका हातानं ते छातीशी नीट धरता येत नव्हतं. दोनदा घसरलं. थोरली पुढे झाली, बाळाच्या पाठीखाली हात घालून तिनं त्याला धाकटीच्या छातीशी धरलं. बाळानं तोंड लावलं, सोडलं, मान वळवून थोरलीच्या अंगाचा वास घेतला आणि तिकडेच तोंड नेलं.

धाकटीनं ते बघितलं.

"मला तुला एक सांगायचंय," थोरली म्हणाली. "त्या दिवशी मी पांढरा दोरा पाठवला होता."

धाकटीनं बाळाचं टोपरं एका हातानं सारखं केलं.

"न बघता पाठवला. चेहरा ठीक, पाय ठीक असं लिहिलं. पडद्याच्या बाहेर उभी राहून. लाल पाठवला असता तर ताई दहा वाजता तुझ्यापाशी असत्या. लोक हसतील म्हणून नाही पाठवला." तिला रडायचं नव्हतं, कारण रडलं की समोरच्याला समजूत काढावी लागते. "सगळे म्हणतात मी वाचवलं. ते खरं नाही. म्हणजे, सगळं खरं नाही."

धाकटी आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. उजव्या हातानं तिनं तो उचलला आणि मांडीवर नीट ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"मला आदल्या दिवसापासून चमकत होतं," ती शेवटी म्हणाली. "पाय जड झाले होते. चप्पल तुटली तीही मीच कोपऱ्यात टाकली. सांगणार होते तुम्हाला. मग वाटलं, सांगितलं की तुम्ही लाल दोरा बांधणार, आणि निघालं काही नाही तर पुन्हा सगळे तुम्हालाच हसणार. म्हणून म्हटलं, बरी आहे."

थोरलीनं बाळाखालचा हात बदलला.

"पण तुम्ही आत यायला हवं होतं, वहिनी," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी नको म्हटलं तरी यायला हवं होतं. मला राग आलाय तुमचा. लगेच नाही जायचा."

"नको जाऊ दे."

"हं." मग बाळाकडे बघून, "आता त्याला डाव्या बाजूला घ्या. आणि उशी द्या इथे, कोपराखाली. ... तशी नाही. उभी."

थोरलीनं उशी उभी लावली. बाळानं या वेळी आईलाच तोंड लावलं. दोघी त्याच्या गिळण्याचा आवाज ऐकत बसल्या, खूप वेळ, एकमेकींकडे न बघता.

दोऱ्यांची रिळं थोरलीनं ताईंना परत द्यायला नेली होती. ताईंनी ती घेतली नाहीत. "हात पोळलेली दोरेवाली मला नव्या दोरेवालीपेक्षा चालेल," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या खुर्चीसाठी त्यांनी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी अक्षर थोरलीचं होतं, आणि खाली चारी वस्त्यांतल्या बायांच्या सह्या आणि अंगठे. खुर्चीवर अजून गठ्ठेच आहेत. पण जुनं का होईना, रक्तदाबाचं एक यंत्र वस्तीत आलं, आणि ते धाकटीच्या खोलीत असतं. पट्टा गुंडाळते थोरली. धाकटी कानाला नळी लावून आकडा सांगते, त्याला एकच हात पुरतो. काही दिवस ती थोरलीशी फक्त आकडेच बोलायची. आता मधूनमधून दुसरंही काही बोलते.

त्यानंतर लाल दोरे बरेच गेले. पाच-सहा तरी फुकट गेले. ताई आल्या, गुडघा चोळला, चहा प्यायल्या, परत गेल्या. एकदा नुसतं अपचन निघालं तेव्हा वस्तीतलं कोणीतरी हसलं. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "हस बाबा, हस. हसायला जिवंत आहोत ना सगळे."

हे वाचणाऱ्यांना थोरलीचा एक निरोप आहे, तो पोचवायचा म्हणूनच ही गोष्ट.

तुमच्या घरात, शेजारी, वरच्या मजल्यावर, गल्लीच्या टोकाला कोणी नुकती बाळंत झालेली असेल. दोन दिवस झाले असतील किंवा महिना. तुम्ही जाता-येता विचारलंही असेल, आणि ती म्हणाली असेल, बरी आहे. आज एकदा आत जा. हात धुऊन जा, पण जा. ती नको म्हणाली तरी खाटेशी बसा. पडदा सरकवा, तोंडावर उजेड पडू द्या. डोकं कधीपासून दुखतंय ते विचारा. अंगठी फिरते का बघा. आणि निघताना दाराबाहेर बघा, ती कुणाच्या चपला घालून हिंडते आहे.